पील

वॉटर प्युरिफायरच्या शेजारी, भिंतीवर,
कंपनीचा तक्ता अजून चिकटलेला आहे:
वर पुण्यातली एक चौकट, तिच्याखाली भिरूड सर,
मग मी, आणि माझ्याखाली
नऊ लहान चौकटी रांगेत,
पंगतीला बसवलेल्या पोरांसारख्या.
तो काढायला कुणी सांगितलं नाही.
सांगणारं खातंच उरलं नाही.

जळगाव, महाबळ रस्ता, तिसरा मजला,
खाली सोनोग्राफी सेंटर.
मे महिना, पारा सेहेचाळीस.
नऊ पोरांना एसी पुरायचा नाही,
आता मी शाल घेऊन बसते.

नऊंच्या जागी काय आलं ते सासऱ्यांना सांगता येत नाही.
"मशीन कुठी ठेवलं?" विचारतात.
मशीन नाही हो, स्क्रीनवर एक खिडकी आहे.
तिच्यात लिहायचं: विम्याचे दावे, तारखा तपास,
जुने ग्राहक वेगळे कर.
चहा निवायच्या आत उत्तर हजर.
खोटं कशाला बोलू, चांगलं असतं.
तुषार झोपे चार दिवस घ्यायचा
आणि प्रत्येक ओळीत घरचं भांडण आणायचा.

भिरूड सरही गेले.
वरचं खाली सांगायचं
आणि खालचं जरा साखर घालून वर,
एवढ्यावर त्यांनी दोन मुली इंजिनिअर केल्या.
आता निरोप थेट येतात, कडू ते कडूच.
मला नवं पदनाम मिळालं, इतकं लांब
की सहीखाली दुसऱ्या ओळीत उतरतं.

रविवारी सावद्याला, केळीच्या बागेत,
सासरे विळ्याने पिलं कापत होते.
"आईचं खातात हे, म्हनून कापा लागतात.
पन घड निसवला का एक पील ठेवा लागते.
नई ठेवलं तं पुढच्या सालाले
काय भोकं मोजशीन?"
मी म्हटलं, मामंजी, तुम्हीच यंदा
टिश्यूची रोपं आणली ना ट्रेमधून,
सगळी एका उंचीची, एकाच आठवड्यात निसवणारी?
ते हसले.
विळ्याची धार अंगठ्याने पाहिली.
बोलले काहीच नाहीत.

नववी चौकट फिरोज तडवीची. पालचा.
आठ महिने होता, विचारत राहायचा.
"मॅडम, एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्याचं
वय कोणत्या दिवशी वाढतं?"
आम्ही सगळे खो खो हसलो होतो.
मग चोपड्याच्या एका बाईचा अडकलेला दावा
नेमका तिथेच सापडला.

त्याला निरोपाचं पत्र मी पाठवलं.
लिहिलं खिडकीने.
त्यात तीन वेळा "मनापासून" होतं.
मी दोन काढले.

आता तो केळी पिकवायच्या चेंबरवर असतो,
रात्री तीनदा उठून तापमान लिहितो.

परवा सगळे तपास हिरवे आले.
एकही लाल नाही, आणि मला झोप नाही.
कुठं काय खुपतंय ते बोट ठेवून सांगता येईना.
खिडकीला विचारलं. ती म्हणाली, उत्तम आहे.
पुन्हा विचारलं. माफी मागून म्हणाली, अधिक उत्तम करते.
मग फिरोजला फोन लावला.
पैसे माझ्या खिशातून देईन म्हटलं, तर गप्प झाला.
आला मात्र. अंगाला पिकत्या केळ्यांचा वास,
तक्त्याकडे न बघता आत आला,
स्वतःची जुनी खुर्ची ओढली,
बराच वेळ वाचत राहिला.

"मॅडम, हे असं का केलंय?"

मी तोंड उघडलं.
बोटं आपोआप खिडकीकडे गेली.

त्याने पुन्हा विचारलं, हळू,
जणू चूक त्याचीच:
"म्हणजे मला समजत नाहीये, म्हणून."

खाली माझं नाव होतं,
दुसऱ्या ओळीत ते लांब पदनाम.
मलाही समजत नाहीये, म्हटलं.
आठ महिन्यांत त्याला हे एकदाही म्हटलं नव्हतं.

"बसा ना मग," तो सरकला.
"पहिल्या ओळीपासून पाहू."